कालव्यातला कप्पा

भारतात फोन लावायला कार्ड खरवडावं लागायचं, त्या काळात आम्ही मँचेस्टरला राहत होतो. शेजारी माझ्याच वयाची एक शिल्पकार मैत्रीण एकटीच राहायची. वडील तिथलेच, आई जपानी. आई नुकतीच गेली होती. तिच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी भट्टी होती आणि फळ्यांवर आईच्या गोष्टींतले मातीचे प्राणी.

त्या उन्हाळ्यात सासूबाई मालवणहून आल्या. दुपारी त्यांना करमेना, म्हणून मी त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेले. टेबलावर एक ओला, बुटका प्राणी होता. पाठीवर कासवाचं कवच, डोक्यावर खोलगट बशी.

"हा कप्पा," मैत्रीण म्हणाली.

"कसला कप्पा? कपाटातला?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी अर्थ सांगितल्यावर मैत्रीण खूप हसली. मग म्हणाली, कप्पा म्हणजे पाण्यातलं भूत. बशीतल्या पाण्यात त्याची ताकद. पण रीतीभातीचा इतका, की आपण वाकून नमस्कार केला की तोही वाकतो आणि पाणी सांडून बसतो.

मी हे मराठीत सांगताच सासूबाई सावरून बसल्या. "अगो, हो तर आमचो गिरो!" खाडीतला गिरा, माशांचा लोभी, माणसाला चकवून पाण्यात ओढणारा. त्याची शेंडी कापून लपवली की मुकाट घरगडी होऊन राबतो.

मैत्रिणीने कोरणं खाली ठेवलं. "त्यांना म्हणावं, पुन्हा सांगा."

मग रोज दुपारी आम्ही तिघी तिथेच. मी मधे दुभाषी. एकदा ती म्हणाली, "कप्प्याला काकडी फार आवडते. त्याने मला ओढू नये म्हणून आई काकडीवर माझं नाव कोरून कालव्यात टाकायची. शाळेतल्या मुली मला काकडीच म्हणायच्या. इथे विचारतात, मूळची कुठली? आईच्या गावी गेले की मी इंग्लंडची."

सासूबाई म्हणाल्या, "लग्न झालेल्या बाईचं हेच असतं गो. दोन्ही घरं परकी म्हणतात आणि दोन्हीकडे स्वयंपाक आपणच करायचा."

दुसऱ्या दिवशी त्या फ्रीजमधली काकडी घेऊन निघाल्या. कालव्यावर मैत्रीण ती तशीच टाकायला लागली, तर सासूबाईंनी तिचा हात धरला. "प्लास्टिक काढ आधी. घशात अडकेल त्याच्या." मैत्रिणीचं नाव कोरलेली काकडी पाण्यात गेली. सासूबाईंनी हात जोडले, मैत्रीण कमरेत वाकली. कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थाने विचारलं, काही पडलं का पाण्यात?

"नाही," ती अस्सल मँचेस्टरी हेल काढून म्हणाली, "घरच्यांना जेवण देतोय."

सासूबाई परत जायच्या आधी लायब्ररीत तिचं छोटं प्रदर्शन झालं. मधोमध कप्पा. मासे साफ करायला सासूबाई बसतात तसा, एक गुडघा वर करून बसलेला. सासूबाईंनी चष्मा नीट केला. "माझ्यासारखा बसलाय मेला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणीने त्यांना मिठी मारली. आमच्या घरात मिठीची पद्धत नाही. त्या आधी ताठ उभ्या राहिल्या, मग तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "मालवणला ये. माहेरी यायला आमंत्रण लागत नाही."

पुढच्या वर्षी ती खरंच गेली. मला सुट्टी मिळाली नाही. न राहवून मी मालवणला फोन लावला आणि विचारलं, तुम्ही दोघी बोलता तरी कुठल्या भाषेत?

"भाषा कशाला हवी?" सासूबाई म्हणाल्या. "ती बांगडे कापतेय. नीट कापते हो तुझ्यापेक्षा."