वांकिडीच्या सात जणी आणि मावल्याचा दाखला

यमुनावहिनी गेल्याचं मला ऑफिसात मोबाईलवर कळलं, आणि तेही आदिलाबाद जिल्ह्याच्या जुन्या कबड्डी लीगच्या सेक्रेटरीसाहेबांकडून. गुलाबाच्या चौकटीत तिचा फोटो, खाली "महिला कबड्डीची मशाल विझली", त्याखाली जोडलेल्या हातांच्या इमोजींच्या रांगा. फोटो दुसऱ्या हंगामातला होता. मूळ फोटोत तिच्या शेजारी हेच साहेब कप धरून उभे होते, आणि त्यांचा खांदा या फोटोतसुद्धा कापायचा राहून गेला होता. कावीळ झाली, गावठी औषधात आठ दिवस गेले, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता... हे सगळं मला नंतर चुलतभावाकडून कळलं. मशालीला कावीळ झाली होती तेव्हा साहेबांना त्याचा पत्ता नव्हता.

चार दिवसांनी आदिलाबादेत शोकसभा झाली. जिवंत असताना जिला बसायला खुर्ची दिली नाही, तिच्या फोटोला मखमली खुर्ची दिली होती. साहेब वीस मिनिटं बोलले. यमुनाबाई हा माझा शोध, असं म्हणाले. दोन मिनिटांची शांतता होती, त्यातलं एक मिनिट त्यांनी फोन पाहण्यात घालवलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. कोणी मला दोन शब्द बोलायला सांगेल या भीतीनं मी मान खाली घालून बसले होते. सांगितलं नाही कोणी, म्हणून इथं लिहिते आहे. साहेबांची लाज काढायची तर माझीही निघणार, हे मला ठाऊक आहे.

यमुनावहिनी माझ्या चुलतभावाची बायको. माहेर पलीकडचं, महाराष्ट्रातलं, आमच्या तेलंगणातल्या शिवारापासून दोन कोसांवर. शाळेत कबड्डी खेळलेली. लग्न होऊन वांकिडीकडच्या आमच्या गावात आली आणि दहा वर्षं गुपचूप कापूस वेचला, भाकरी थापल्या, दोन पोरं वाढवली. लीग निघणार, प्रत्येक मंडलातून, म्हणजे तालुक्यातून, बायकांचा संघ पाहिजे, असं पत्रक पंचायतीत लागलं तेव्हा सरपंचानं ते वाचून हसून खिशात घातलं. वहिनीनं ते त्याच्या खिशातून मागून घेतलं. वेचणीच्या टोळीतूनच तिनं सहा जणी निवडल्या, सातवी ती स्वतः. मी सर्वांत लहान, बारावी झालेली, म्हणून अर्ज लिहायला आधी घेतलं आणि मग धावते चांगली म्हणून चढाईला ठेवलं.

गावानं काय काय म्हणून घेतलं. पाराजवळ बसून दिवसभर तंबाखू मळणाऱ्या पुरुषांना एकाएकी आमच्या अब्रूची काळजी लागली. "सुना मांड्या थोपटून राह्यल्या, आता पाऊस काऊन पडंल," असं एक म्हातारा म्हणाला. वहिनी डोक्यावरचं कापसाचं गाठोडं न उतरवता त्याला म्हणाली, "मामाजी, तुमी इतके वर्सं बसूनच हाय ना, तवा तरी कुठं पडला?" पऱ्हाटी उपटलेल्या वावरात चुलीच्या राखेनं रेषा आखून ती आम्हाला शिकवायची. वेचताना जशी प्रत्येकीची आपापली पात असते, मधेच सोडून दुसरीच्या पातीत जात नाहीत, तसंच पकडीला उभं राह्यचं, असं सांगायची. शिट्टी नव्हती. ती दोन बोटं तोंडात घालायची आणि अर्धं गाव दचकायचं.

पहिल्या हंगामात आदिलाबादच्या मैदानावर आम्हाला ज्या पॅन्टा मिळाल्या त्या पुरुषांच्या मापाच्या होत्या. नाडीऐवजी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून खेळलो. आधी तेलुगूत भाषणं, मग हिंदीत, मग कोणा पाहुण्याला आठवलं की आम्ही मराठी, म्हणून आमच्यासाठी तेच भाषण तोडक्यामोडक्या मराठीत. तीन तास उन्हात. स्त्रीशक्तीवर बोलणारे सगळे मंडपात आणि स्त्रीशक्ती उघड्यावर.

उपांत्य सामन्यात गुण बरोबरीत होते, शेवटची चढाई माझी. समोर जिल्ह्याच्या ठिकाणचा संघ, त्यात कोपऱ्यात एका शाळेतल्या मॅडम, चाळिशीच्या, चष्मा काढून खेळणाऱ्या. माझ्या पायाचा अंगठा त्यांच्या गुडघ्याला लागला. गुण झाला होता, फक्त दम न सोडता मध्यरेषेपलीकडे परत यायचं होतं. आणि मी काय केलं? थोरल्या बाईला पाय लागला म्हणून वळले, वाकले, त्यांच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला. तोंडातलं कबड्डी कबड्डी थांबलं. पाच जणी माझ्या अंगावर पडल्या. आम्ही एका गुणानं हरलो. साहेब माईकवर म्हणाले, "पाहा, गावाकडचे संस्कार." सगळं मैदान हसलं. त्या मॅडमसुद्धा हसल्या, पण निदान त्यांनी मला हात देऊन उठवलं.

परतीच्या जीपमध्ये मी रडत होते. बाकीच्या मला समजावत होत्या. वहिनी खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "पाया पडाले गावात देव काय कमी हायेत?" मग, "सवय हाय. लागते तशी मोडते बी." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही सहा जणींनी एकामागून एक तिच्या नडगीला पाय मारायचा आणि मागं न पाहता परत पळायचं, असा सराव सुरू झाला. आमच्यात सर्वांत मोठी तीच. पहिले आठ दिवस एकीचाही हात खाली गेल्याशिवाय राहिला नाही. तिच्या सासूनं हे पाहिलं तेव्हा ती चुलीपाशी बसून मोठ्यानं रडली. वहिनीच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, त्यावर हळद लावून ती पहाटे वेचणीला जायची. दुसऱ्या हंगामात आम्ही कप आणला. साहेबांचा खांदा त्या फोटोत आहे तो असा.

आणि मग जिल्ह्याचे चार तुकडे झाले. वांकिडी नव्या जिल्ह्यात गेली. आम्हाला त्याचं काय, बाजार तोच, वावर तेच. पण तिसऱ्या हंगामाच्या आधी पत्र आलं की वांकिडी आता हद्दीबाहेर, संघ घेता येणार नाही. वहिनी आदिलाबादला दोनदा गेली, बाकावर बसून आली. त्यांनी सांगितलं, तुमचा नवा जिल्हा बघा. नव्या जिल्ह्याच्या दफ्तरात तिला सांगितलं, इथं अजून कपाटं आली नाहीत, बाई, लीग कुठून आणता. शेवटी साहेब स्वतः गाडी घेऊन आले, अंगणात बसून दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले की चार चांगल्या पोरींना आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याचा रहिवासी दाखला मिळवून देतो, तिकडच्या संघातून खेळतील. त्यांनी त्या चौघींची नावं घेतली. त्यात माझं नाव होतं, वहिनीचं नव्हतं.

ते गेल्यावर वहिनीनं आम्हाला बसवलं. "गर्दी आपल्या नावानं येते," ती म्हणाली. "आपून गेलो नाई तं त्याईचं मैदान खाली राह्यते. मंग त्यायले सातीजनींले घ्याच लागंल. एक जरी गेली तं झालं. मंग ते मनतील, वांकिडी आली ना." सगळ्यांनी होकार दिला. मीही मान हलवली.

माझी मावशी मावल्यात राहते. मी आठव्या दिवशी तिच्याकडे गेले, आजारी आहे म्हणून बघायला जाते असं सांगून. मावशी ठणठणीत होती. ज्या दाखल्यासाठी माणसं महिनोन्महिने खेटे घालतात तो मला दोन दिवसांत मिळाला, दस्तखत आणि मुहूर-शिक्क्यासकट. बाकीच्या तिघी गेल्या नाहीत. त्यांच्यातली एक तर इतकी गरीब होती की तिला जायलाच हवं होतं. पण गेली नाही. मी गेले. उद्घाटनाच्या दिवशी साहेब माईकवर म्हणाले, "काही लोक विचारतात वांकिडी कुठे आहे, ही बघा वांकिडी," आणि माझा हात धरून वर केला. मैदान भरलेलं होतं. बस, एवढंच लागलं. आमचा संघ त्या दिवशी संपला. पुढच्या वर्षी वर्गणी देणारे पाहुणे आटले आणि लीगही संपली, पण मला प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यावर नोकरी मिळाली. मी आज जिथं बसून पगार घेते ती खुर्ची त्याच दाखल्याची आहे. साहेबांना मी नावं ठेवते, पण ते निदान लबाड म्हणूनच जन्मले होते. मला वहिनीनं स्वतःच्या नडगीवर शिकवलं होतं.

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मी उलट बोलले असते, तिचंही काही चुकलं असं स्वतःला पटवलं असतं. एकदा कापसाच्या मार्केटात भेटली. गाडीवर बसली होती, केस पिकायला लागले होते. माझ्याकडे, माझ्या पर्सकडे पाहिलं. "बरी हायेस ना?" म्हणाली. मी म्हणाले, हो. "मंग झालं," म्हणाली आणि तोंड फिरवून माप बघायला लागली. सात-आठ वर्षं मी गावी फारशी फिरकलेच नाही.

तेरवीला गेले. जेवणं उरकली, पुरुष मंडपात पेंगत होते. घरामागून दोन बोटांची शिट्टी आली. मागं गेले तर वावरात राखेच्या ताज्या रेषा, त्यात दहा-बारा पोरी. मला कोणी सांगितलं नव्हतं की ती इतकी वर्षं, कोणत्याही लीगशिवाय, कपाशिवाय, शिकवतच होती. शिट्टी वाजवणारी पोरगी सोळाएक वर्षांची असेल. तेरवीच्या दिवशीसुद्धा खेळता, मी विचारलं. "बाईनं सांगून ठेवलं होतं, खाडा नाई करायचा," ती म्हणाली. मी चप्पल काढून रेषेच्या आत पाऊल टाकलं. का टाकलं, माहीत नाही... त्या राखेला पाय लावावासा वाटला.

पोरीनं हात आडवा धरला. "नाव?"

"सुनीता."

"गाव?"

नोकरीच्या अर्जावर, आधारवर, बँकेत, पोराच्या शाळेत, इतकी वर्षं मी जे लिहीत आले तेच तोंडातून निघालं. "मावला."

"मंग बाहेर उभ्या राहा," ती म्हणाली. उद्धटपणा काहीच नव्हता, नियम सांगत होती. "बाई मनत, परगावच्याले आत नाई घ्यायचं. बाहेरून पाहा, पाह्यले काई हरकत नाई."

मी मागे सरले आणि चप्पल घातली. समोर, वावराच्या बांधापलीकडे, माझ्या बापाच्या घराचं दार उघडं होतं.