हा कोंडू कोण?

वळ गावच्या केसरीनाथाचा आवाज म्हणजे फाटका भोंगा. साधं 'पाणी दे' म्हणाला तरी शेजारच्याला वाटावं, भांडण जुंपलं. शेत गोडाऊनवाल्यांना विकल्यावर भाऊबंदांनी त्याला सल्ले द्यायला कमी केलं नाही. डंपर घे, टँकर घे, नाहीतर सरळ धाबा टाक! ह्यानं कुणाचं ऐकलं असेल तर शपथ. भिवंडीत गाळा घेतला, भला मोठा टीव्ही भिंतीवर टांगला, खाली गेमचं मशीन मांडलं आणि दारात खुर्ची टाकून बसला. पन्नाशीचा माणूस पोरांचे खेळ मांडून बसला म्हणून गाव हसलं. "हसा," केसरीनाथ म्हणाला, "मी बी हसतोय. पण पंख्याखाली बसून."

गाळ्यामागे त्याच्या चार खोल्या होत्या, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांना भाड्यानं दिलेल्या. ती माणसं गावी गेली की दोन-दोन महिने येत नसत. पण त्यांची ट्रंक जागची हलायची नाही. हा नियम त्याच्या बापाचा, काळूरामाचा. ज्याचं तोंड ओळखीचं, त्याची चीज जपायची. आणि ज्या गाठोड्याचा धनी कधी कुणी बघितलाच नाही, ते खुशाल बाहेर काढायचं. नियम चोख होता, आणि केसरीनाथाला त्याचा अभिमानही होता.

त्याच्या गिऱ्हाइकांत राकेश नावाचा एक तरुण होता. गोडाऊनवर वॉचमनची ड्युटी. रविवारी सुट्टी, की हा हजर. बाकीची पोरं गाड्या उडवत, आरडाओरडा करत. हा गपचूप क्रिकेट खेळे. पावसाळ्याआधीपासून त्यानं एकच बोलर हाती धरला होता. क्लबातून उचलून त्याला पार देशाच्या टीममध्ये नेला होता. केसरीनाथाला त्यातलं काही कळत नसे. त्याचं तोंड सदा रस्त्याकडे, पडद्याकडे पाठ.

एका रविवारी निघताना राकेश घुटमळला. "शेठ, पुढच्या रविवारी बाबांना आणतो. पाय दुखतो म्हणून कुठं बाहेर पडत न्हाईत, पण ह्या वेळेला तयार झालेत. त्यांना एक दाखवायचं हाय."

"आण की! इचारतोस काय, गाळा आपलाच हाय."

"माझा खेळ तेवढा जपा."

"अरे, तुझं तोंड माझ्या वळखीचं. तुझी चीज कोन हलवतोय?"

शनिवारी नवा फुटबॉलचा गेम आला. पोरं आठवडाभर त्याच्यासाठी जीव खात होती. सीडी सारखी फिरून झिजू नये म्हणून केसरीनाथ गेम मशीनच्या हार्ड डिस्कवर चढवून ठेवत असे. चढवायला गेला, तर मशीन म्हणालं, जागा नाही. त्यानं यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. वर चार गेम, आणि खाली नावांची ही भलीमोठी रांग! ज्यानं त्यानं आपला अर्धा खेळ आपल्या नावानं ठेवलेला. "धर्मशाळाच झाली की रे ही!" असं म्हणत त्यानं एकेक अक्षर लावून नावं वाचायला घेतली. ओळखीची ठेवली, अनोळखी पुसली. राकेशचं नाव त्यानं मुद्दाम शोधलं. सापडलं नाही. ठेवत नसेल काही, असं म्हणून पुढं गेला. मग आलं कोंडू.

"हा कोंडू कोन? कधी आला न्हाय आपल्याकडं." आणि त्यानं ते पुसलं.

एवढं करून मशीन तेच म्हणालं, जागा नाही. केसरीनाथानं मशीन विकणाऱ्या दौलतला फोन लावला. दौलत फोनवरच खो खो हसला. "अहो शेठ, ती नावं म्हणजे चिमूटभर. जागा खातात ते गेम. उभं शेत सोडून तुम्ही बांधावरची माती उकरत बसलात!"

बांध म्हटल्यावर केसरीनाथाला आपलं विकलेलं शेत आठवलं. त्याच्या शेताच्या बांधावर एक शेंदूर फासलेला दगड होता, वीतभर. वर्षातून एकदा नारळ फुटायचा, बस्स. गोडाऊनवाल्यांनी तोही उखडला. सुपरवायझर म्हणाला होता, "इधर कोई आता-जाता तो है नहीं." केसरीनाथ त्याच्यावर नाही नाही ते ओरडला होता. एवढ्याशा दगडानं तुझी किती जागा अडवली, सांग! तो माणूस खिशातून मोबाइल काढून बघत बसला. तो राग केसरीनाथाच्या मनातून अजून गेला नव्हता.

रविवारी राकेश आला. बरोबर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, एका पायानं लंगडणारा म्हातारा. केसरीनाथानं स्वतःची खुर्ची त्याला दिली. "बसा दादा. नाव काय तुमचं?"

"कोंडू."

केसरीनाथाचा तो भोंगा जागच्या जागी बंद पडला.

राकेश यादी वर-खाली करत होता. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्यानं वळून बघितलं, आणि केसरीनाथाच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. "शेठ, त्या बोलरला मी बाबांचं नाव दिलेलं," एवढंच तो बोलला.

"मी पुसलं," केसरीनाथ म्हणाला. "जागा करायची होती. मना वाटलं, हा मानूस कधी आलाच न्हाय. चुकलो मी, दादा."

कोंडूनं टीव्हीकडे बघितलं. "मी खरंच बोलिंग करायचो, शेठ. तालुक्याच्या फायनलला माझं नाव लिवलेलं, सकाळी काढलं. जागा न्हाय म्हनाले." तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "ह्याच्यात किती जागा अडत होती माझ्या नावानं?"

केसरीनाथाच्या खिशात मोबाइल होता. त्यानं तो काढला नाही.

"काहीच न्हाय, दादा. चिमूटभर बी न्हाय."

मग तो मशीनपाशी गेला. एक जंगलातला गेम वर्षभर कुणी हातात धरला नव्हता, पण सगळ्यात जास्त जागा अडवून बसला होता. तो त्यानं काढून टाकला. ढिगानं जागा झाली. चढवायची राहिलेली फुटबॉलची सीडी त्यानं बाजूला ठेवली, क्रिकेट लावलं आणि आपल्या जाड बोटांनी एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं. राकेशचे ते सगळे रविवार काही परत आले नाहीत. नावापुढं रन शून्य, विकेट शून्य.

म्हाताऱ्यानं ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "आनि परत कोनी इचारलं, हा कोंडू कोन, तर?"

"तर मी हाय ना इथं," केसरीनाथ म्हणाला. "सांगंन, ह्याचं तोंड माझ्या वळखीचं हाय."