कडीकुलपाचं वाण

हळदीकुंकवाचं वाण परत करायचं नसतं. हे कुणी शिकवत नाही, पण प्रत्येक बाईला माहीत असतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी जायचं, कपाळ पुढे करायचं, तिळगूळ घ्यायचा आणि समोरची जे देईल ते पदरात घेऊन 'छान आहे' म्हणायचं. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आल्यापासून मी चहाच्या गाळण्या, साबणदाण्या, स्टीलच्या वाट्या, एकदा तर दोन दात तुटलेला कंगवासुद्धा पदरात घेतला आणि छान म्हटलं. यंदा मात्र मी वाण परत केलं, तेही भरल्या समाज भवनात. तेव्हापासून 'वाण वापस करणारी' हीच माझी ओळख झाली आहे, आणि खरं सांगते, मला ती आवडते.

सुरुवात झाली कोजागिरीला. समाज भवनात मुलींचे नाच होते आणि माझी अकरावीतली मुलगीही नाचली. दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष ताईंनी प्रत्येक मुलीचा फोटो समाजाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला. फोटोभोवती पिवळ्या फुलांची महिरप, खाली मुलीचं नाव, वडिलांचं नाव, शाळा, वर्ग आणि 'आमच्या समाजाच्या गुणी लेकी'. ताई हौशी आहेत, ती महिरप त्यांची खास. मीही खाली जोडलेले हात टाकले, दोन फुलं टाकली आणि माहेरच्या ग्रुपवर तोच फोटो पुढे पाठवला.

दिवाळीनंतर मुलगी गप्प झाली. गच्चीवरचा नाचाचा सराव बंद झाला. फोन पालथा ठेवायला लागली, घरातही ओढणी घेऊन बसायला लागली. मला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल. 'मोबाइल कमी कर, डोकं आपोआप हलकं होईल,' असा सल्लाही मी देऊन टाकला. फोन हातात दिला त्या दिवशीच मी तिला बजावलं होतं की एक जरी भानगड कानावर आली, तर हा फोन लोखंडी कपाटात जाईल आणि किल्ली माझ्या कमरेला. ऑफिसातल्या बायकांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी लामता गावच्या शेतातून आलेले नवे तांदूळ निवडत बसलो होतो. मान वर न करता ती म्हणाली, "मम्मी, पहले कसम खा."

"कशाची?"

"मोबाइल घेशील नाही म्हणून. मंग सांगतो."

"आधी सांग, मग पाहते काय करायचं ते," मी म्हटलं. ती पुन्हा खडे वेचायला लागली. मी अजून थोडी ताणून बसले असते, तर ती उठून गेली असती आणि मला कधीच काही कळलं नसतं. तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. ती खडे सोडून चांगले तांदूळ बाजूला काढत होती. मी म्हटलं, "बरं, खाल्ली."

"ऐसे नही." तिने माझा पिठाळ हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आता बोल."

मी शपथ घेतली. मग तिने फोन सुलटा केला. कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडलं होतं. त्यात तिचा कोजागिरीचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, आणि खाली अशा ओळी की मी त्या पूर्ण वाचू शकले नाही. तो तिला रोज लिहीत होता: अजून फोटो पाठव, नाहीतर हे तुझ्या बापाला दाखवतो.

आई म्हणून माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "तू फोटो टाकलाच कशाला?"

"मी कहाँ टाकला? पाहा ना नीट."

मी पाहिलं. फोटोभोवती पिवळ्या फुलांची महिरप होती.

"किती दिवस झाले हे?"

"छब्बीस." तिने दिवस मोजले होते. सव्वीस दिवस पोर एकटी जळत होती, कारण त्या माणसापेक्षा तिला माझ्या कपाटाची भीती जास्त वाटत होती. मला लाज वाटली, आजही वाटते.

तिच्या वडिलांना सांगितलं आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोनमधलं काहीही पुसू नका म्हणाल्या, लिहून घेतलं. काही दिवसांत ते खातं बंद झालं. तो कोण होता ते अजून कळलेलं नाही. ताईंकडेही मी गेले. झालेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, ग्रुपवरचे मुलींचे फोटो काढून टाका, निदान नावं तरी काढा. ताईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! मी म्हनतच होतो, हे मोबाइलच वाईट!" फोटो निघायला आठ दिवस लागले.

घरी आल्यावर मीही शहाणपणा केलाच. मुलीला म्हटलं, तू नाचाचे व्हिडिओ टाकतेस ते तुझं खातं आता बंद कर. ती म्हणाली, "काहून? चोरी त्यानं केली, अन् दुकान मी बंद करू?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. एवढ्याशा पोरीने मला निरुत्तर केलं, याचा राग होता. त्या दोन दिवसांत मला राहून राहून आमचा माहेरचा, बैहरचा टीव्ही आठवत होता. बाबा जंगल खात्यात होते आणि आमच्या क्वार्टरमधल्या टीव्हीला लाकडी शटर होतं. बाबा ऑफिसला जाताना त्याला कुलूप लावत आणि किल्ली खिशात नेत. पोरी बिघडू नयेत म्हणून. पण ते शटर एका बाजूने दाबलं की दोन बोटांची फट पडायची. त्या फटीतून मी एक अख्खी मालिका पाहिली. नायकाचा डावा कान मी कुठेही ओळखला असता, त्याचा चेहरा मात्र मला लग्नानंतर कळला. त्या कुलपाने मला सद्गुणी केलं नाही. बाबांच्या स्कूटरचा आवाज तीन वळणं आधी ओळखायला मात्र शिकवलं. बाबांना घाबरून घाबरून मी पुढे त्यांना कुठलीच मोठी गोष्ट सांगितली नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोलले. आम्ही बसून ठरवलं. खातं राहील, पण तिच्या ओळखीच्यांनाच दिसेल. विचारल्याशिवाय आम्ही तिचा फोन उघडणार नाही. काही वेडंवाकडं आलं तर ती त्याच दिवशी सांगेल. जेवताना तिघांचेही फोन फ्रिजवर राहतील. या शेवटच्या कलमाचा सगळ्यात जास्त त्रास तिच्या वडिलांना होतो. भाजी वाढून घ्यायच्या निमित्ताने ते फ्रिजभोवती घिरट्या घालतात.

मग संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू समाज भवनात होतं आणि निरोप आला की यंदा मुलींनाही घेऊन या, त्यांचे फोनही आणा. टेबलावर स्टीलचे डबे रचून ठेवले होते. प्रत्येक डब्याला कडी आणि कडीत छोटंसं कुलूप. ताई बोलायला उभ्या राहिल्या. जमाना खराब आहे, आपल्याच समाजातल्या एका लेकीसोबत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, असं म्हणत त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं, आणि सगळ्या सभागृहानेही पाहिलं. म्हणून यंदाचं वाण हा डबा. मुलीने आपल्या हाताने फोन त्यात ठेवायचा, आईने कडी लावायची. लग्न होईपर्यंत किल्ली आईकडे.

पहिला मान ताईंच्या नातीचा. ती दहावीत आहे, आमच्याकडे वह्या न्यायला येते. तिने हसत हसत फोन डब्यात ठेवला, तिच्या आईने कुलूप लावलं, टाळ्या पडल्या. समोर एक बाई मोबाइल धरून हे सगळं चित्रित करत होती.

मग ताईंनी आमच्याकडे पाहिलं. माझी मुलगी उभी राहिली, तिने फोन टेबलावर ठेवला, पण तिचं लक्ष ना डब्याकडे होतं ना माझ्याकडे. ती त्या समोरच्या मोबाइलकडे पाहत होती. तिने ओढणी वर ओढली, दिवाळीनंतर घरात ओढायची तशी.

ताईंनी मला कुंकू लावलं, डबा माझ्या पदरात टाकला. "लाव बाई कडी."

मी विचारलं, "ताई, हा व्हिडिओ कुठं जाईल?"

"ग्रुपवर. हट्टा गावचे, लामत्याचे, सगळ्याइले दिसला पायजे ना."

"नावासकट?"

"हौ, नावासकट. अभिमानाची गोष्ट हाय."

मी डबा पदरातून काढला आणि टेबलावर ठेवला. आवाज चांगला खणखणीत निघाला. "ताई, माह्या पोरीचा फोटो तिच्या मोबाइलमधून नाही गेला. तुमच्या ग्रुपवरून गेला, फुलाच्या महिरपीसकट. कुलूप लावाचं हाय, तं ग्रुपले लावा."

तिळगूळ वाटणारीचा हात तसाच राहिला. ताईंचा चेहरा लाल झाला. "सवाष्णीचं वाण वापस करते का कोनी?"

"हौ. मी करतो."

"मंग उद्या काही झालं तं आमच्याकडे येजो नको."

"आलोच होतो ना, ताई. आठ दिवस लागले तुम्हाले फोटो काढाले."

माझ्या मुलीने टेबलावरचा आपला फोन उचलला आणि आम्ही निघालो. स्कूटीवर ती मागे बसली होती. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "मम्मी, तिळगूळ राह्यला ना." आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा ट्रकवाला वाकून पाहायला लागला.

आम्हाला ग्रुपमधून काढलं. पुढच्या दोन हळदीकुंकवांचं बोलावणं आलं नाही. नवऱ्याला त्याच्या चुलतभावांचे फोन आले. तो प्रत्येकाला म्हणाला, "मले काय विचारता? तिलेच विचारा." कुणीही मला विचारलं नाही.

मला भीती वाटत नाही असं कुणी समजू नये. मला रोज वाटते. त्या छोट्याशा पडद्यात किती घाण आहे ते मी या डोळ्यांनी वाचलं आहे, भाषणात ऐकलेलं नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, वर त्या फाशीचं चित्रण करून गावभर दाखवायचं, आणि त्याला संरक्षण म्हणायचं, हे मला जमणार नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. फोन वापरायचा की नाही, नाचायचं की नाही, हे तिला माझ्या छपराखाली असतानाच ठरवायला शिकू दे. तिथे ती चुकली तर मी आहे.

रथसप्तमी होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी ताईंची नात आमच्या दारात आली, शाळेच्या ड्रेसमध्ये. गणिताची वही हवी होती म्हणाली. मुलगी ट्यूशनला गेली आहे, असं सांगूनही ती आत आली आणि बसली. मी पाणी दिलं. तिने ते घटाघटा संपवलं, पुन्हा मागितलं. मग म्हणाली, "काकू, पहले कसम खा."

मी तांब्या खाली ठेवला. "कशाची?"

"आजीले सांगणार नाही म्हणून."

तिने दप्तरातून एक जुना फोन काढला. मैत्रिणीने दिलेला. घरी तो तांदळाच्या कोठीत लपवून ठेवायची. खरा फोन वाणाच्या डब्यात होता, त्याची किल्ली आईला मिळाली होती, आणि आई ती आजीच्या हवाली करून मोकळी झाली होती. त्या जुन्या फोनवर कुणीतरी तिलाही तसलंच घाणेरडं लिहीत होतं. पाच दिवस झाले होते. सांगितलं तर आधी हा दुसरा फोन कुठून आला तेच विचारतील, म्हणून ती कुणाशीच बोलली नव्हती.

मी तिच्या शेजारी बसले. "ही कसम मले खाता येत नाही, बेटा. तुह्या घरच्याइले सांगाच लागते. पण तुह्यासंगं मी येतो, अन् तुह्या हातचा फोन कोनी घेणार नाही, त्याची कसम खातो." तिने दप्तरातल्या वहीच्या कोपऱ्याला घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी घाई केली नाही. शेवटी तिनेच दप्तर खांद्याला लावलं.

ताईंनी दार उघडलं. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग माझ्यामागे उभी असलेली नात दिसली आणि तिच्या हातातला फोन दिसला. त्यांनी सरळ हात पुढे केला. "दे तो इकडे!"

पोर माझ्या मागे सरकली. मी ताईंचा तो पुढे आलेला हात धरला. सासूच्या वयाच्या बाईचा हात असा धरायचा नसतो, हेही मला कुणी शिकवलेलं नाही, पण माहीत आहे. मी तो हात ओढून नातीच्या डोक्यावर ठेवला आणि वर माझा हात दाबून धरला.

"आधी कसम खा, ताई," मी म्हटलं. "मंग पोरगी सांगते."