न दुखणाऱ्या मानेच्या गोळ्या

किन्हीराजा गावच्या शाळेतले देवमन शिपाई म्हणजे आळीतलं सगळ्यात बिनतक्रार माणूस. ताप नाही, खोकला नाही. बिडी मात्र चुलीशी पैज लावल्यासारखी ओढायचे. १९७९ च्या दिवाळीआधी बायकोचे गुडघे दाखवायला कारंजाला गेले आणि आजार स्वतःच्या नावावर करून आले.

डॉक्टरांनी लिलाबाईला चोळायचं तेल दिलं. तिच्या पोटात जळजळ असायची म्हणून दुखण्याची गोळी मुद्दाम टाळली. आलेच आहेत तर म्हणून देवमनचं ब्लडप्रेशर पाहिलं, मग नळी मानेला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"मेंदूला रक्त नेणारी शीर आतून अरुंद झालीये. सूं सूं आवाज येतोय. हातपाय कधी लुळे पडले? डोळ्यापुढे अंधारी?"

"काईच नाई जी."

"मुंबईला ऑपरेशन होतं. पण ज्या लकव्याला भ्यायचं, तो त्यातही होऊ शकतो. त्रास नसताना मी पाठवणार नाही. बिडी बंद, मीठ कमी, आणि शिरेत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज एक ॲस्पिरिन."

गावात बातमी आधी पोचली, एसटी मागून. शेजारच्या सादिक टेलरनं तर मानेला कानच लावला.

"देवमनभाऊ, रेडिओ बंद हाये तुमचा. काई आयकू येत नाई!"

आळी हसली, देवमनही हसले. आत मात्र काहीच हललं नाही, भीतीसुद्धा नाही. न दुखणाऱ्या मानेला दुखण्याची गोळी कशाला? समोर लिलाबाई भिंत धरून उठत होती. त्यांनी पुडी तिच्यापुढे धरली.

"घे वं. मले काय करायची?"

तिनं घेतली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तरातरा गेली. मग रोजच.

महिन्याभरानं तिला रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा देवमननी आपल्या गोळ्या तिला दिल्याचं सांगितलं.

"हिचं पोट पोळलं, तुमची शीर तशीच राहिली. एका पुडीत दोघांना घालवत होतात की!"

लिलाबाई वाचली. घरी आल्यावर गोळ्यांची पुडी तिनं स्वतःच्या कनवटीला लावली. भाकर झाली की एक गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवायची.

"गिळा. आता तोंड उघडा. जीभ वर करा."

शाळेचा शिपाई पोरासारखा आ करायचा.

"काई वाटते का?"

"काईच नाई."

"नाई वाटलं तरी चालते," ती म्हणायची, आणि भिंत धरून उठायची.