कॉफीच्या आधी हल्ला नाही

गुन्वोर एलिसाबेत टॉर्सेल. जन्म ९ मार्च १९५२, मृत्यू १४ नोव्हेंबर २०१९. जन्म आणि मृत्यू दोन्ही उत्तरेकडच्या हेर्नेसान्द या बंदरगावीच. एकतीस वर्षे त्यांनी जिल्ह्याच्या बसगाड्यांची वेळापत्रके आखली. त्यानंतरची आठ वर्षे त्यांनी तीन अशा लोकसमूहांचा तोल सांभाळला, जे पृथ्वीवर कोठेही राहत नव्हते. प्रस्तुत वृत्तान्त या आठ वर्षांतील एका हिवाळ्याचा आहे.

२००९ साली बंदरापाशी, पादत्राणांच्या जुन्या कारखान्यात, हाम्पुस नीलेन नावाच्या तरुणाने संगणकावरील खेळ तयार करणारी नऊ माणसांची कंपनी काढली. त्यांच्या खेळाचे नाव ‘दूरची बंदरे’. सूर्यमालेपलीकडच्या ओसाड ग्रहांवर तीन गट आपापली वस्ती वाढवतात आणि अखेरीस एकच उरतो, असा तो डाव. भट्टीवाल्यांकडे खनिजे आणि वेगवान जहाजे, पण खायला दाणा नाही. तांडेवाल्यांकडे इंधन, इकडचा माल तिकडे नेण्यावर त्यांचे पोट. बागवाले ओसाड ग्रह हिरवे करत. त्यांची जहाजे दुबळी आणि पहिले पीक हाती यायला खेळातील घड्याळाचे एक्केचाळीस ठोके लागत. मात्र एकदा कोठारे भरली की त्यांना हात लावणे अवघड.

कोणते जहाज किती खनिजांत बांधले जावे, धान्याचा भाव किती वेगाने चढावा, हे ठरवण्यासाठी हाम्पुसला आकड्यांत रमणारे माणूस हवे होते. कोणीतरी गुन्वोरबाईंचे नाव सुचवले. बाई आल्या, दोन दिवस मागे बसून डाव पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की, यांच्यात कोणीच शेती का करत नाही. बागवाल्यांचा गट त्या प्रश्नातून जन्मला. तो पूर्णपणे बाईंचा होता.

दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एक वाजता सगळे कामे बाजूला ठेवून चाचणीचा डाव मांडत. तीन वाजता कॉफी आणि वेलचीचे बन. कॉफीनंतर डाव पुढे चालू. निकाल बाई निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत: जिंकले कोण, कोणत्या मालाचा शिलकी साठा किती, डाव किती वेळ चालला. चार वर्षांत तीनशे शहाऐंशी डाव झाले. भट्टीवाले एकशे एकोणतीस वेळा जिंकले, तांडेवाले एकशे एकोणतीस वेळा आणि बागवाले एकशे अठ्ठावीस वेळा. हा हिशेब पाहून बाई एकदाच, स्वतःशीच, हसल्या होत्या. असे तूवा सांगते. तूवा म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरची आज्ञावलीकार.

नोव्हेंबर २०१३मध्ये खेळ बाजारात आला आणि नऊ दिवसांत तो तोल कोसळला. जगभरचे खेळाडू भट्टीवाल्यांचीच बाजू घेऊ लागले. अकराव्या मिनिटाला त्यांची जहाजे बागांवर उतरत, विसाव्या मिनिटाला बागवाले संपलेले असत. खेळाडूंनी बागवाल्यांचे नाव ‘चारा’ ठेवले. खेळ बाजारात आणणाऱ्या हाम्बुर्गच्या प्रकाशकांचे पत्र आले. त्यात आवाज चढवलेला नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक झोंबणारे होते. मार्चअखेरपर्यंत बागवाले स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत, तर तो गट खेळातून काढून टाकावा. दोनच गटांचा खेळ समजायला सोपा आणि सांभाळायलाही सोपा, असा त्यातील मजकूर होता. उभे राहिल्याचा पुरावा म्हणून चाचणीच्या डावांचे आकडे मागवले होते.

त्या दिवसापासून बाईंचे बूड खुर्चीला टेकेना. बोलता बोलता त्या उठत, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जात, परत येत आणि अर्धे वाक्य तेथूनच पुढे सुरू करत. धुतलेला पेला पुन्हा धूत. सकाळी बसमधून दोन थांबे आधीच उतरून, घसरड्या बर्फातून पुलावरून चालत येत. कारण बसून राहिले की डोक्यात आकडे नुसते आपटत राहत. डिसेंबरात त्यांनी भट्टीवाल्यांची जहाजे महाग केली. गुरुवारच्या डावात भट्टीवाले उपाशी मेले आणि तांडेवाल्यांनी सगळे गिळले. बाहेरच्या जगात मात्र बागा जळतच राहिल्या, फक्त दोन मिनिटे उशिरा. जानेवारीत त्यांनी बागांना भक्कम तट दिले. मग कोणी कोणावर चालून जाईना. डाव पाच-पाच तास रेंगाळू लागले आणि खेळाडूंनी पत्रे लिहिली की, हा खेळ आहे की पेन्शनरांचा बगिचा. तट काढावे लागले. एका बाजूचा आकडा दाबला की दुसऱ्या बाजूचा वर येई, आणि कोणता आकडा मुळात चुकला आहे ते वहीची पाने उलटून सापडत नव्हते. वहीत तर सगळे बरोबरच होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बसमधून मध्येच उतरताना चालक बाईने त्यांना हटकले. सेनादा हुकिच तिचे नाव. पोर असताना ती आईवडिलांबरोबर बोस्नियातून या गावी आली आणि गेली बारा वर्षे याच मार्गावर गाडी चालवत होती. बाईंच्या गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र तिने आरशातून पाहिले होते.

“तुम्ही त्या दूरच्या बंदरांवाल्या का?”

“हो. आणि मला तू म्हण. इथे सगळे तूच म्हणतात.”

“माझी आई थोबाड फोडेल. मी रोज खेळते तुमचा खेळ. भट्टीवाल्यांकडून. अकराव्या मिनिटाला बागा पेटवते. वाईट वाटतं हो, छान असतात त्या. पण जिंकायचं असतं ना.” मग गाडीचे दार उघडता उघडता ती म्हणाली, “आधी तुम्हीच आमची वेळापत्रकं करायचात, नाही? शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं. चार मिनिटांत माणसानं लघवीला जायचं की गाडी वळवायची, तेवढं एकदा सांगा.”

बाई पायरीवरच थांबल्या. मागच्या प्रवाशांनी घसे खाकरले. बाईंनी तिला गुरुवारी एक वाजता कारखान्यात येण्याचे निमंत्रण दिले आणि पुलाच्या वाऱ्यात चालू लागल्या. त्या चार मिनिटांनी त्यांना दिवसभर टोचले. कागदावर चार मिनिटे नेहमीच पुरत असत.

गुरुवारी सेनादाची सुट्टी होती. ती घरून आलुबुखाराच्या वड्यांचा डबा घेऊन आली, सर्वांशी हात मिळवून संगणकासमोर बसली. तिच्याकडे भट्टीवाले, तूवाकडे तांडेवाले, गुन्वोरबाईंकडे बागवाले. एक वाजता डाव सुरू झाला. एक वाजून अकरा मिनिटांनी भट्टीवाल्यांची सोळा जहाजे बागांवर उतरली.

हाम्पुसने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. दीड वाजण्याच्या आत बाईंच्या पडद्यावर एकही हिरवा ठिपका उरला नाही. सेनादाने मान वर केली तेव्हा सगळे जण तिच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते.

“माझं काही चुकलं का?”

“छे, छे,” हाम्पुस म्हणाला. “छान खेळलीस. फक्त, आम्ही सहसा...”

“सहसा काय?”

हाम्पुसने तूवाकडे पाहिले. तूवा म्हणाली, “कॉफीपर्यंत थांबतो.”

“कशासाठी?”

“थांबतो, बस्स. आधी वाढू द्यायचं एकमेकांना. मग कॉफी. मग लढाई.”

सेनादा मोठ्याने हसली, आणि आपण एकटीच हसत आहोत हे लक्षात येताच गप्प झाली. “इतके डाव खेळलात आणि दोन तास कुणी कुणाला हात नाही लावला? हा नियम केला कुणी?”

नियम कोणीच केला नव्हता. तो कोठे लिहिलेला नव्हता, नव्या माणसाला कधी सांगितलाही गेला नव्हता. खोलीतील प्रत्येकाला वाटत होते की, ती आपली स्वतःची सभ्यता आहे. फक्त गुन्वोरबाईंना तो दिवस आठवला. कंपनीचे पहिले वर्ष, वसंत ऋतू. रोलान्ड सेडेर नावाच्या नव्या मुलाने दीड वाजण्यापूर्वीच सगळ्यांना चिरडून डाव संपवला, आणि उरलेली दुपार तो सोडून बाकीचे हात चोळत बसले. तेव्हा बन वाटता वाटता बाई अगदी मवाळपणे म्हणाल्या होत्या, “कॉफीपर्यंत तरी सगळ्यांना जगू द्यावं.” रोलान्ड कानापर्यंत लाल झाला. त्याने पुन्हा कधीच लवकर हल्ला केला नाही. मग कोणीच केला नाही. उन्हाळ्यात रोलान्डने नोकरी सोडली.

कॉफीपर्यंत बागवाल्यांचे पीक नेहमीच हाती आलेले असे. तीनशे शहाऐंशी डावांत, रोलान्डचा तो एक सोडला तर, त्यांची कोठारे लढाईआधी नेहमीच भरलेली होती. वहीत पहिल्या हल्ल्याच्या वेळेचा रकानाच नव्हता. वेळ जर दर वेळी तीच, तर ती लिहायची कशाला?

“मी केला,” बाई म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत, कॉरिडॉरमध्ये गेल्या नाहीत. बसल्या जागी त्यांनी सर्व सांगितले. वही टेबलाच्या मध्यभागी सरकवली आणि यातला एकही आकडा हाम्बुर्गला पाठवता येणार नाही, असे म्हणाल्या. हाम्पुसचे म्हणणे वेगळे पडले. नवे आकडे पाठवावेत, जुन्यांचा उल्लेखच करू नये. चार वर्षे आपण एकमेकांना कॉफीपर्यंत सांभाळत होतो हे कळल्यावर ते लोक आपला कुठलाच हिशेब खरा धरणार नाहीत आणि बागवाले त्याच दिवशी जातील, असे त्याने समजावले. त्यात तथ्य होते. बाईंनी ते ऐकून घेतले आणि शुक्रवारी सकाळी दीड पानाचे पत्र लिहिले. त्यात चूक कशी झाली, कोणाच्या वाक्याने झाली, हे तारखेसह होते, आणि नव्या डावांसाठी मार्चअखेरपर्यंतचे उरलेले चार आठवडे मागितलेले होते. हाम्पुसने सही केली. पण तो दिवस तो बाईंशी बोलला नाही.

खेळातील दुरुस्तीची दिशा सेनादाने जाताजाता दाखवली होती. आपण बागा जाळत असताना ही तूवा नुसती बघत बसली, तिचे काही गेलेच नाही, असे ती म्हणाली होती. बाईंना उमगले की, तीन महिने आपण भट्टीवाल्यांचे हात बांधत होतो किंवा बागवाल्यांना तटाआड कोंबत होतो. तिसऱ्याकडे पाहिलेच नाही. वाहून न्यायला धान्य नसेल तर तांडेवाल्यांनी जगायचे कशावर? परंतु खेळात धान्याचा भाव पहिले पीक येईपर्यंत गोठवलेला होता. कॉफीपूर्वी भाव बदलण्याचे कारणच कधी पडले नव्हते. बाईंनी तो पहिल्या ठोक्यापासून मोकळा केला. बाग जळाली की भाव सगळीकडे, त्याच क्षणी, चढेल. जहाज जितके दूर जाईल तितके त्यातले खलाशी अधिक खातील. आता भट्टीवाल्यांना अकराव्या मिनिटाला बागा जाळता येत होत्या. पण परतीच्या वाटेवर त्यांचेच लोक उपाशी राहत. आणि तांडेवाले धावत येत. दयेने नव्हे, धंद्याच्या काळजीने.

चाचणीला मात्र बाहेरची माणसे हवी होती. सेनादाने बस आगारातून चालक आणले, कामाच्या दोन पाळ्यांच्या मध्ये, जॅकेटसकट. पहिल्याच दिवशी त्यांच्यातला एक दांडगा गृहस्थ बाईंच्या समोर येऊन बसला आणि म्हणाला, “बाई, चार मिनिटांचा हिशेब आज चुकता करतो.” बाईंची बाग नवव्या मिनिटाला पेटली. तूवाची जहाजे अकराव्या मिनिटाला पोचली. संध्याकाळच्या पाळीची वेळ झाली तेव्हा तो गृहस्थ धान्य धान्य करत तांडेवाल्यांच्या विनवण्या करत होता आणि बाई, कधी नव्हे ते, खुर्चीच्या टोकावर बसून आपले एक उरलेले रोप वाढवत होत्या. तो डाव त्या हरल्याच. पण पाच वाजता हरल्या.

आता रोज दोन डाव मांडत, आणि चार आठवड्यांत चाळीस झाले. वहीत आता पहिल्या हल्ल्याच्या वेळेचा रकाना होता. भट्टीवाले सोळा, तांडेवाले तेरा, बागवाले अकरा. बाईंना हे आकडे ओबडधोबड वाटले. बागवाल्यांचे पीक एक ठोका आधी, चाळिसाव्याला, आले तर अंतर कमी होईल, असा त्यांचा हिशेब होता. पण तो पडताळायला पुरेसे डाव उरले नव्हते, म्हणून त्यांनी तो आकडा बदलला नाही. एकतीस मार्चला, सोमवारी, हाम्बुर्गहून उत्तर आले. पत्रातील कबुलीविषयी त्यात एक अक्षर नव्हते. चाळीस डावांचे आकडे स्वीकारले आहेत, बागवाले राहतील, एवढेच होते. हाम्पुसने ते दोनदा वाचून दाखवले. बाई उठून पेला धुवायला गेल्या.

त्यानंतर त्यांनी आणखी तीन वर्षे काम केले आणि २०१७ च्या वसंतात निवृत्ती घेतली.

ज्या गोष्टी मागे राहिल्या त्या अशा. रोलान्ड सेडेरला बाईंनी त्याच एप्रिलमध्ये क्षमा मागणारे पत्र लिहिले होते. ते पाच वेळा फाडून सहाव्यांदा टपालात टाकले. त्याचे उत्तर ऊमेओहून जूनमध्ये आले. आपण नोकरी बायकोच्या बदलीमुळे सोडली, तो डाव आपल्याला आठवत नाही, बन मात्र उत्तम असत, असे त्याने कळवले होते. बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. ते पत्र त्यांनी निळ्या वहीत ठेवले. वह्या आता तूवाकडे आहेत. बस आगाराच्या नव्या वेळापत्रकात शेवटच्या थांब्यावर सहा मिनिटे आहेत. त्यासाठी बाईंनी निवृत्तीनंतर जिल्ह्याला तीन पत्रे पाठवली होती. अंत्यविधीला चर्चमध्ये चालकांची एक पूर्ण रांग होती.

गुरुवारचा डाव आजही एकला सुरू होतो. आता कॉफीपूर्वी हल्ले होतात, आणि ज्याची बाग आधी जळेल त्याला पहिला बन मिळतो. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाईंच्या हाताने लिहिले आहे: “पीक – ४१ ऐवजी ४०. पडताळावे.” तूवाने आतापर्यंत त्यासाठी दोनशे सहा डाव मोजले आहेत. खेळात तो आकडा अजून एक्केचाळीसच आहे.