भुंग्याची श्रुती

“ते गेले, पोरी. आणि ती पेटी अजून चालूच आहे. बंद कशी करावी?”

अंबुजाकाकूंचा फोन आला तेव्हा मी नुंगंबाक्कमच्या ऑफिसात होते, नुकता डबा उघडला होता. ‘ते’ म्हणजे काकूंचे यजमान माधवराव, आमचे घरमालक, माझे रावकाका. आणि ‘पेटी’ म्हणजे त्यांचा, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, गिटारचा जुना छोटा अॅम्प्लिफायर. पान वाढेपर्यंत थोडं वाजवतो म्हणून बसले आणि खुर्चीतच मान कलली. शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले होते, भावाबहिणींना फोन गेले होते, फक्त पेटीला कुणी हात लावला नव्हता. कारण तिला शिवायचं नाही, आत जबरदस्त शॉक असतो, अशी तंबी मीच काकूंना कधीतरी दिली होती, आणि त्यांनी ती इमानेइतबारे पाळली होती. मी मैलापूरच्या घरी पोचले तेव्हा खोलीत माणसं होती, रडणं होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली तो ओळखीचा आवाज होता... घुंऽऽऽ. मी पेटीमागची कळ दाबली. आवाज हळूहळू विरला आणि तेव्हा कुठे मला कळलं की काका खरंच गेले. मग मात्र मला रडू आवरेना.

मी मूळची साताऱ्याची. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे अक्षरं गिरवायच्या आधी मी सोल्डरिंगचा धूर खाल्लाय. पुढे इंजिनियर झाले, मोटारींच्या वायरिंगचं काम करता करता चेन्नईला येऊन पडले आणि रावकाकांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झाले. ही तंजावरची मराठी माणसं. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातलं कुणीतरी उठून तमिळ हेल काढून बोलतंय असं वाटलं होतं. “तुम्हांस काप्पी चालेल काय?” असं काकांनी विचारलं आणि मला हसू फुटलं. त्यावर ते म्हणाले, “हसा, हसा. तुमचें मराठी ऐकून आम्हीं आंतल्या आंत हसतों, तें दिसत नाहीं.” झालं, तिथेच आमचं जमलं. काकांचे वडील व्हायोलिनवाले, संगीतसभांमधून गाणाऱ्यांच्या साथीला बसणारे. मुलानेही तेच करावं ही त्यांची इच्छा, आणि हे चिरंजीव लग्नांत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन उभे! वडील बोलेनासे झाले. मग बँकेत नोकरी लागली, गिटार माळ्यावर गेलं. वडील वारल्यावरही कितीतरी वर्षं ते तिथेच होतं. निवृत्त झाल्यावर एक दिवस काकांनी मला शिडी धरायला बोलावलं आणि गिटारची धुळीने माखलेली पेटारी खाली काढली.

गिटार इलेक्ट्रिक, म्हणजे अॅम्प्लिफायर हवा. मी म्हटलं, नवा घ्या, हलका मिळतो, मोबाइलला जोडता येतो. काकांनी मान हलवली. “ऑर्केस्ट्रांत आमच्यापाशी व्हॉल्व्हचा होता. त्याचा आवाज तापल्यावर गोड होतो. माणसासारखा.” त्यांच्या शोधाला मी आधी थट्टेवारी नेलं, पण मग मीच त्यात गुंतले. शेवटी नुंगंबाक्कमच्याच एका गल्लीत, एक बाई आपल्या वारलेल्या भावाचं घर रिकामं करत होत्या, त्यांच्याकडे तो सापडला. करड्या रेक्झिनची, एका हाताने उचलता येईल एवढीशी पेटी, समोर दोन बटणं, एक लाल दिवा, कंपनीची पाटी कधीच निघून गेलेली. बाई प्रामाणिक होत्या, आधीच म्हणाल्या की हा कुणी न वाजवताच गुणगुणतो. काकांनी पेटी चालू केली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही तिघं उगीच एकमेकांकडे बघत बसलो. मग तळातून तो आवाज वर आला... घुंऽऽऽ. माझ्या कपाळावर लगेच आठ्या, कारण असा आवाज म्हणजे आतला, विजेतली थरथर गाळणारा कपॅसिटर म्हातारा झाला हे मला झोपेतही कळतं. आणि काका? डोळे मिटून, मांडीवर बोट टेकवून बसले आणि म्हणाले, “श्रुती उत्तम आहे.” तंबोरा गाणाऱ्याला जो आधारस्वर देतो, त्याला हे लोक श्रुती म्हणतात. आपली चेष्टा चाललीय असं वाटून बाईंचा चेहरा पडला. मला काकांना कोपराने ढोसावं लागलं.

घरी आणल्यावर मी पेटी उघडली. रबर तडकलेल्या वायरी बदलल्या, अर्थिंग जोडून तीन पिनांचा प्लग बसवला, झुरळांनी कुरतडलेला स्पीकर काढून नवा घातला. कपॅसिटर बदलायला गेले तर काकांनी हात धरला. “तो असूं द्या हो. फुटत नाहीं ना? मग असूं द्या.” मी त्यांच्याशी भांडले, मी भांडतेच, पण मालक ते. नंतर त्यांचं वाजवणं ऐकताना माझ्या लक्षात आलं की हा माणूस त्या गुणगुण्यावर गिटार जुळवतोय! आधी पेटी चालू करायची, आवाज वर येऊ द्यायचा, कान लावायचा आणि एकेक तार त्याला धरून चढवायची. तंबोऱ्यावर गळा लावतात तसं. मैलापूरच्या व्हायोलिनवाल्याच्या मुलाशिवाय हे कुणाला सुचणार? मंडळाची वीज ठरलेल्या वेगाने थरथरते, तिचाच हा न बदलणारा सूर, आणि तो नेहमीच्या सुरांच्या जरा वर. त्यामुळे त्यांचं गिटार जगातल्या सगळ्या गिटारांपेक्षा किंचित चढं असे आणि दुसऱ्या कुणाबरोबर त्यांना वाजवता येत नसे. मी ते दाखवून दिलं तर म्हणाले, “वीज मंडळ दोन गोष्टी देतें. करंट आणि श्रुती. बिल फक्त एकाचें घेतें.” कपाळ माझं!

पण त्या घरात आणखी एक गळा होता. अंबुजाकाकू लहानपणी गाणं शिकलेल्या. लग्नानंतर ते राहिलं ते संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना म्हणायच्या स्तोत्रापुरतं, पण तेवढं मात्र त्या अगदी सुरात म्हणत. आणि नेमकी तीच वेळ काकांच्या वाजवण्याची. “त्यांचा तो भुंगा मज ओढून नेतो,” काकू माझ्याकडे तक्रार घेऊन वर आल्या. “माझी श्रुती निराळी, त्याची निराळी. दिवा लावतांना मी बेसूर होतें. साठ वर्षांत कधीं झालें नव्हतें. अय्यो, देवासमोर लाज वाटते.” ऐकून मला हसू आलं, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवसभराच्या रहाटगाडग्यात तेवढंच त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते एका जुन्या पेटीने बिघडवलं होतं. मी काकांना सांगितलं. त्यांनी मांडीवरचं गिटार उतरवून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “बदला तुमचा तो कपॅसिटर.”

मी बदलला. भारीतला, जपानी बनावटीचा. काम इतकं सुंदर झालं की पेटी चालू आहे की बंद हे लाल दिवा बघूनच कळावं. वडील असते तर पाठ थोपटली असती. काकू खूष, मी खूष. काकाही “वा, काय स्वच्छ!” म्हणाले. मी त्यांच्या फोनमध्ये तारा जुळवायचं अॅप घालून दिलं, तार बरोबर लागली की पडद्यावर हिरवं होतं. पुढच्या आठवड्यात खाली गेले तर गिटार मांडीवर, हातात फडकं, आणि काका ते पुसत बसलेले. वाजवत का नाही विचारलं तर म्हणाले, “हिरवें होतें हो. पण मज कांहीं वाटत नाहीं. भिंतीला टेकून बसलों होतों आणि कुणी भिंतच काढून नेली, असें झालें.” मग चटकन दाराकडे बघून हलक्या आवाजात, “अंबुजेस सांगूं नका हं. तिचा दिवा सुरांत लागतो आहे.” मला इतकं कानकोंडं झालं की कॉफी न घेताच वर आले.

काही दिवसांनी ऑफिसातून परतत होते तर काकू फाटकाशीच उभ्या. “भुंगा परत आण.” मी थक्क! म्हटलं, आणि तुमची श्रुती? “माझी मी बघतें. पुसून पुसून गिटारचा रंग जायची वेळ आली. घरांत वाजत नाहीं तर मज सैंपाक सुचत नाहीं.” आणि बोट उगारून, “मी सांगितलें म्हणून त्यांस कळतां कामा नये. सरी? समजलें?” घ्या! म्हणजे नवरा-बायको एकमेकांपासून लपवणार आणि मधल्या मधे मी. जुना कपॅसिटर परत घालणं मला शक्य नव्हतं, तो धोक्याचा होता. म्हणून बराच कमी क्षमतेचा नवा घातला, विजेतली थरथर त्याला पुरती गाळता येऊ नये म्हणून. आयुष्यभर बिघाड काढत आलेय, मुद्दाम घालून दिलेला हा एकच. काकांना सांगितलं, आधीचा खराब निघाला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. पेटी चालू केली, आवाज वर आला, त्यांनी तार चढवली... आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्यानंतर अखेरच्या दिवसापर्यंत ते रोज वाजवत राहिले. मी मात्र संध्याकाळची त्या बाजूला फारशी फिरकले नाही, काकूंचं बेसूर स्तोत्र ऐकायला लागू नये म्हणून.

काका जाऊन आता काही आठवडे झाले. गिटार शिकणारा काकूंचा भाचा मध्यंतरी येऊन गेला, पेटी मला द्या म्हणाला. काकूंनी त्याला दोन लाडू दिले आणि सांगितलं, “गिटार ने, सुखानें वाजव. पेटी मज लागते.” कशाला, हे त्याला विचारायचं सुचलं नाही. मला सुचलं. काकू म्हणाल्या, “संध्याकाळीं ये.”

मी गेले. काकूंनी पदराला हात पुसला आणि जिला शिवायलाही घाबरायच्या त्या पेटीची मागची कळ सरळ दाबली. लाल दिवा लागला. देवापुढची समई लावेपर्यंत आवाज वर आला, घुंऽऽऽ, आणि काकूंनी स्तोत्र सुरू केलं. मी ऐकतच राहिले. काकू बेसूर नव्हत्या. त्यांनी आपला षड्ज किंचित वर चढवून बरोबर भुंग्यावर आणून ठेवला होता. या वयात, साठ वर्षांची बैठक मोडून! हे कधी केलंत, असं मी खुणेनेच विचारलं. कडव्यांच्या मधे थांबून त्या म्हणाल्या, “तूं परत आणलास, त्याच आठवड्यांत. त्यांस कळलें असेल काय, ठाऊक नाहीं. मी विचारलें नाहीं... विचारावयास हवें होतें गं.” काकांनी मला काय सांगितलं होतं, तिचा दिवा सुरात लागतो आहे, ते मी त्यांना तेव्हा सांगितलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि पुढचं कडवं घेतलं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, लाल दिवा विझला, भुंगा विरून गेला. समईच्या उजेडात काकू डोळे मिटून म्हणतच राहिल्या. थोड्या वेळाने वीज आली, पंखा कुरकुरत फिरायला लागला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, म्हणून मी पेटीकडे बघत बसले. मग तळातून तो आवाज हळूहळू वर आला आणि काकूंच्या सुराखाली बरोबर येऊन बसला... केसाचाही फरक नाही. काकूंनी डोळे उघडले नाहीत. नुसती, साथीदार आल्यावर गाणाऱ्याने हलवावी तशी, मान हलवली.