गरम इंजिनाचा सौदा

नव्वद सालच्या आसपास धुळ्यात जुनी डिझेल जीप घ्यायला गेलो. मालकाने चावी फिरवताच इंजिन सुरू. "भाऊ, गाडी बठ्ठी चोख शे," सगळी गाडी चोख असल्याची ग्वाही त्याने अहिराणीत दिली. मी घासाघीस करून भाव पाडला आणि ऐटीत जळगावला आलो.

दुसऱ्या दिवशी थंड सकाळी जळगावातल्या मेहरूण भागात, माझ्या घरासमोर, जीप सुरूच होईना. शेजाऱ्यांनी हसत हसत धक्के मारले. मेकॅनिक म्हणाला, "चारही हीटर प्लग जळालेत." थंड इंजिनात डिझेल पेटत नाही, म्हणून आधी हे प्लग लाल करून आतली हवा तापवावी लागते. तापलेल्या इंजिनाला त्यांची गरज नसते. त्या लबाडाने मी पोचण्याआधीच जीप फिरवून आणली होती! "भाऊ, बॉनेटला हात तरी लावायचा," मेकॅनिक हसला. मी त्याच्यावरच खेकसलो.

नवे प्लग बसवले. मग रोज सकाळी चावी अर्धी फिरवून प्लग तापल्याची खूण म्हणून डॅशबोर्डावरची तार लाल व्हायची वाट पाहायचो. कुणासाठी न थांबणारा मी तेवढा थांबायचो, आणि ते मला आवडायचे.

जीप विकताना जामनेरच्या गिऱ्हाइकाला म्हणालो, "आधी बॉनेटला हात लाव." तार शेवटची लाल झाली, थंड इंजिन सुरू झाले. एक रुपया सोडला नाही. धुळेवाल्यावरचा राग मात्र अजून तसाच आहे.